एकट्याला उचलता येईल अशी डेकवाली लाकडी कनू घरी कशी बांधायची

एकट्यासाठी कनू, म्हणजे वल्ह्याने चालणारी लांबट अरुंद होडी, बांधायची ठरवली असेल तर सगळ्यात आधी वजनाचा विचार करा. गाडीच्या टपावरून उतरवून, खांद्यावर घेऊन, धरणाच्या काठच्या चिखलातून पाण्यापर्यंत ती तुम्हालाच न्यायचीय, दुसरं कोणी हाताशी नसणारे, आणि २२-२३ किलोची होडी माणूस हौसेने उचलतो पण तीच ३५ किलोची झाली की रविवारी सकाळी निघायचाच कंटाळा येतो आणि होडी पार्किंगमधे धूळ खात पडते. म्हणून खाली जे जे सांगतोय, प्लाय किती जाडीचा, काचेचं कापड (फायबरग्लास) किती, डेक कसा, त्या सगळ्यामागे किलोचा हिशोब आहे.

डेक म्हणजे होडीचा पुढचा आणि मागचा झाकलेला भाग, मधे बसायला उघडी जागा. बऱ्याच जणांना वाटतं डेक घातला की वजन वाढणार, त्यापेक्षा उघडीच ठेवू. मला हे पटत नाही. उघड्या कनूला वरची कड ताठ ठेवायला जाड पट्ट्या लागतात, मधे आडवे दांडे लागतात, तळही जाड घ्यावा लागतो, नाहीतर लाटेवर ती पिळवटते. डेक चिकटून वरची बाजू बंद झाली की पीळ बसायला जागाच राहत नाही आणि अख्खी होडी ४ मिमीच्या प्लायमधे होते. म्हणजे डेकचं जे दोन-अडीच किलो वजन वाढतं ते दुसरीकडून वसूल होतं, वर लाटेचं पाणी आत येत नाही, वारा आत भरत नाही आणि दोन्ही टोकांना हवेचे बंद कप्पे मिळतात, जे होडी उलटली तर तिला तरंगत ठेवतात. एकटं जाणाऱ्या माणसाला हे कप्पे हवेतच, त्यात तडजोड नको.

ही कल्पना जुनी आहे. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर नावाच्या ब्रिटिश बॅरिस्टरने लंडनच्या लॅम्बेथमधे 'रॉब रॉय' नावाची डेकवाली कनू बांधून घेतली, १५ फूट लांब, २८ इंच रुंद, ९ इंच खोल, अंग ओकचं आणि डेक सीडरचा, आणि दोन पात्यांचं वल्हं घेऊन एकटा र्‍हाइन, डॅन्यूब अशा नद्या फिरून आला, मधली वाट रेल्वेने नाहीतर गाड्यांवर होडी टाकून. ती मापं आजही एका माणसाला चपखल बसतात. फक्त तिचं वजन ८० पौंड होतं, म्हणजे ३६ किलो, आणि तिथे आपण प्लाय आणि इपॉक्सीमुळे (दोन भाग कालवून कडक होणारं, चिकटवायचं रेझिन) त्याच्यापेक्षा खूप पुढे जाऊ शकतो.

पद्धत आपण घेणार आहोत 'स्टिच अँड ग्लू'. प्लायच्या लांब पट्ट्या कापायच्या, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, की होडीचा आकार आपोआप उभा राहतो, मग आतून सांधे इपॉक्सीने भरायचे, तारा काढायच्या आणि बाहेरून काचेचं कापड चढवायचं. ब्रिटनमधे साठच्या दशकात ही पद्धत रुळली आणि १९६२ च्या सुमारास आलेल्या 'मिरर' नावाच्या छोट्या शिडाच्या होडीमुळे ती घराघरात पोचली, तशा ७० हजारांवर होड्या बांधल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी साध्या घरगुती लोकांनी गॅरेजमधे. आपल्या किनाऱ्याला तर शिवलेली होडी मुळीच परकी नाही, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजं बांधायची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर फार जुनी. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात दिवार बेटावर बांधलेलं 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज २०२५ मधे नौदलात आलं ते आठवत असेल. तिथे शिवण हाच कायमचा सांधा असतो, आपल्याकडे ती तात्पुरती, इपॉक्सी धरेपर्यंतच.

तार आणि फळ्यांकडे वळायच्या आधी जागा मोजा. १४ फुटी होडीला चहूबाजूने फिरता यायला १८ बाय ८ फूट जागा लागते, डोक्यावर छप्पर लागतं आणि मुख्य म्हणजे बांधून झाल्यावर ती बाहेर निघाली पाहिजे. जिन्याचं वळण, गच्चीचा दरवाजा, ग्रिल, सगळं टेप घेऊन आधी मोजा, १४ फुटी काठी घेऊन ती बाहेर नेऊन बघा. हंगाम दिवाळी ते फेब्रुवारी धरा. पावसाळ्यात इपॉक्सीचं काम करू नका, कारण खाली येईलच.

माप मी हे सुचवीन, लांबी १४ फूट, रुंदी २८ इंच, मधे खोली ११ इंच. ७५ किलोचा माणूस, १५ किलो सामान आणि होडीचं वजन मिळून एकशे दहा किलोच्या आसपास भार होतो आणि तेवढ्यावर ती साधारण १० सेंमी पाण्यात बसते, म्हणजे वितभर पाणी असलं तरी चालते. लांबी वाढवली तर पळते बरी पण वळत नाही आणि वजन वाढतं, १२ फुटावर आणली तर दर वल्ह्याला तोंड इकडे तिकडे फिरतं. रुंदी २८ च्या खाली नेली तर पहिल्या होडीत बसताना धाकधूक राहते. दर बाजूला तीन पट्ट्या ठेवा, तळ, मधली तिरकी आणि वरची उभी. दोनच ठेवल्या तर सोपं पडतं पण तळ फार सपाट नाहीतर फार टोकदार होतो. आराखडा पहिल्या वेळी तयार विकत घ्या, त्यात सगळ्या पट्ट्यांची मापं टेबलात येतात. स्वतःच काढायची हौस असेल तर डेल्फ्टशिप या होडीचा आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आहे, ती तुम्ही काढलेल्या आकाराच्या पट्ट्या सपाट उलगडून देते, पण त्याआधी पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल करून बघा, दहाला एक या प्रमाणात, सेलोटेपने जोडून. पुठ्ठ्यात जी पट्टी वाकायला कुरकुरते ती प्लायमधे फाटणार.

आता प्लाय. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून काहीही देईल, तुम्ही आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या, तो मरीन ग्रेड, त्याला ७२ तास उकळायची चाचणी लावलेली असते. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला काही वेळच टिकणारा) प्लाय किचन ट्रॉलीला चांगला, होडीला नाही. शिक्का बघितला तरी एक तुकडा मागून आणा, घरी दिवसभर उकळा, उन्हात वाळवा, परत उकळा, आणि मग पटाशीने थर सुटतात का बघा. शीटच्या चारही कडा निरखा, मधल्या थरात पोकळी दिसली तर ते शीट नको, नाण्याने टकटक करत गेलं की पोकळ जागी आवाज बदलतो. कॅलिपर बरोबर न्या, ४ मिमी म्हणून काय काय जाडीचं गळ्यात मारतात ते तिथेच कळेल. आपल्याकडचा मरीन प्लाय बहुतेक गर्जनच्या लाकडाचा असतो, मजबूत पण जड, ८ बाय ४ चं ४ मिमीचं शीट साडेआठ-नऊ किलो भरतं. ओकुमे या हलक्या लाकडाचा इम्पोर्टेड मिळाला तर तेच शीट सहा किलोच्या आत येतं. होडीला तीन शीट लागतात, कापून वाया जाणारं सोडलं तरी पाच-सहा किलोचा फरक पडतो आणि तो फरक खांद्याला कळतो. मी पैसे वाचवायचे झाले तर व्हार्निशमधे आणि हॅचमधे (डेकवरच्या झाकणांत) वाचवीन, प्लायमधे नाही. गर्जनच मिळत असेल तरी होडी होते, २७-२८ किलोची होईल एवढं धरून चाला.

आतल्या कडेच्या पट्ट्यांना आणि काठाला हलकं, सरळ रेषांचं, गाठी नसलेलं लाकूड घ्या. वखारीत तून मिळाला तर उत्तम, नाहीतर इम्पोर्टेड पाइन. सागवान सगळ्यांना हवाच असतो पण तो जड, वर तेलकट, इपॉक्सी नीट धरत नाही, फारच हौस असेल तर फक्त बसायच्या जागेच्या काठाला लावा आणि चिकटवण्याच्या लगेच आधी अॅसिटोनने पुसा.

शीट ८ फुटी आणि होडी १४ फुटी, म्हणजे दोन शीट टोकाला टोक जोडावी लागतात. याला तिरकस सांधा करायचा, जाडीच्या आठपट लांब, म्हणजे ४ मिमीला ३२ मिमी. शीट एकावर एक रचा पण प्रत्येक वरचं शीट ३२ मिमी मागे सरकवून, पायऱ्यांसारखी, आणि मग सगळ्या पायऱ्या मिळून एकच उतार होईपर्यंत रंधा मारा. प्लायचे थर उतारावर पट्ट्यांसारखे दिसायला लागतात, त्या पट्ट्या सरळ आणि समांतर असल्या की उतार बरोबर, जिथे पट्टी वाकडी तिथे अजून रंधा हवा, वेगळं मापायला लागत नाही. रंध्याच्या पात्याला मात्र परत परत धार लावा, प्लायमधला गोंद धार खातो. चिकटवताना दोन्ही उतारांना आधी नुसतं पातळ इपॉक्सी पाजा, दहा-पंधरा मिनिटं पिऊ द्या, मग घट्ट केलेलं इपॉक्सी लावा, खालीवर प्लास्टिकचा कागद, वर फळी आणि विटा, आणि चोवीस तास हात लावू नका. फार जोरात दाबलं तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो.

मग मापं उतरवायची. शीटवर दर ३० सेंमीला आडव्या रेषा मारा, टेबलातलं माप प्रत्येक रेषेवर खूण करून तिथे बारीक खिळा ठोका, खिळ्यांना टेकवून लांब लवचिक पट्टी वाकवा आणि पेन्सिल फिरवा. मग लांबून, अगदी जमिनीजवळ डोळा नेऊन त्या रेषेकडे बघा. एखादा खिळा बाहेर ढकलतोय असं वाटलं तर टेबलापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा आणि खिळा हलवा. डावी आणि उजवी पट्टी नेहमी दोन शीट एकत्र धरून एकदमच कापा, जिगसॉला बारीक दातांचं ब्लेड लावून रेषेच्या दीड-दोन मिमी बाहेरून, आणि उरलेलं रंध्याने रेषेपर्यंत आणा. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर होडी आयुष्यभर एका बाजूला वळत राहते, पुढे काहीही केलं तरी ते जात नाही.

शिवायला १८ ते २० गेजची मऊ तांब्याची तार, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. कडेपासून ७-८ मिमी आत, दर १० सेंमीला २ मिमीचं भोक, टोकांजवळ जिथे पट्ट्या जास्त वळतात तिथे दर ५ सेंमीला. आधी तळाच्या दोन पट्ट्या मधल्या रेषेवर शिवा, मग तिरक्या, मग उभ्या. तारेचा पीळ नेहमी बाहेरच्या बाजूला द्या आणि सगळ्या तारा आधी सैलच ठेवा, पूर्ण शिवून झाल्यावर मधून टोकांकडे जात थोड्या थोड्या आवळा. आकार धरायला आतून चार आडवे साचे लागतात, जाड टाकाऊ प्लायचे, त्यांच्या कडांना पॅकिंग टेप मारा म्हणजे इपॉक्सी चिकटणार नाही.

इथे पोचलात की थांबा. होडी आत्ता तारांवर उभी आहे आणि अजून सगळं बदलता येतं, उद्या येणार नाही, म्हणून तपासणीला अख्खी संध्याकाळ दिली तरी ती वाया जात नाही. दोन्ही टोकांमधे मध्यरेषेवर दोरी ताणा आणि प्रत्येक साच्याच्या मध्यावर ओळंबा सोडून बघा. होडीला पीळ बसलाय का ते बघायला वरच्या कडांवर पुढे एक आणि मागे एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि मागून डोळा लावा, दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत, गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब असेल तर अजून चांगलं. पीळ असेल तर कोपऱ्यात वजन ठेवून, एखाद-दुसरी तार सैल करून काढा.

इपॉक्सीबद्दल जरा जास्त सांगतो कारण होडी टिकते ती यावर. फायबरच्या दुकानात पॉलिएस्टर रेझिन पुढे करतील, स्वस्त असतं, पण ते लाकडाला धरत नाही, वर्षा-दोन वर्षात काचेचं कापड पापुद्र्यासारखं निघतं, तेव्हा इपॉक्सीच घ्या. आपल्याकडे लॅपॉक्स एल-१२ रेझिन आणि ते कडक करणारं के-६ हार्डनर ही जोडी सहज मिळते, प्रमाण वजनाने १० ला १. अंदाजाने किंवा झाकणाने मोजू नका, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातलं तर लवकर सुकत नाही, जास्तीचं हार्डनर तसंच आत राहून सांधा कच्चा होतो. एका वेळी १००-१५० ग्रॅमच करा आणि कालवलं की लगेच पसरट ट्रेमधे ओता, खोल कपात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, कप वितळतो, धूर येतो. तीस डिग्रीला हातात जेमतेम अर्धा तास असतो.

हातमोजे नायट्राइलचे, प्रत्येक वेळी. हे हार्डनर अंगाला लागत राहिलं तर अॅलर्जी येते आणि एकदा आली की जात नाही, इपॉक्सीचं काम कायमचं सुटतं. हाताला लागलं तर थिनर किंवा अॅसिटोनने पुसू नका, त्याने ते कातडीत अजून आत जातं, साबण आणि भरपूर पाणी वापरा. घासताना चांगला मास्क लावा, ओढणी किंवा रुमाल चालत नाही. खिडक्या उघड्या.

दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट चिकट थर येतो. त्याच्यावर पुढचा हात दिला तर तो धरत नाही, आणि सँडपेपर मारला तर तो थर रगडला जाऊन सगळीकडे पसरतो. आधी पाणी आणि भांड्याच्या हिरव्या घासणीने धुवा, पुसा, वाळू द्या, मगच घासा. पावसाळ्यात नको म्हणालो ते यासाठी. दुसरी गोष्ट वेळेची. लाकूड तापत असताना त्यातली हवा फुगून बाहेर पडते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे येतात, सकाळी हात दिला आणि ऊन चढलं की हे हमखास होतं. म्हणून लाकडाला पहिला हात संध्याकाळी द्या, हवा थंड होत जाताना, म्हणजे लाकूड उलट इपॉक्सी आत ओढून घेतं.

आतून सांधताना आधी दोन तारांच्या मधे मधे घट्ट इपॉक्सीचे ठिपके द्या, ते वाळले की तारा काढा, एखादी अडकलीच तर सोल्डरिंग गन तारेला लावून तापवा, लगेच सुटते. मग पूर्ण सांध्यावर गोलसर भरणी करायची. भरणीत इपॉक्सीमधे सँडरचा बारीक भुसा आणि थोडं एरोसिल (घट्टपणा आणणारी बारीक सिलिका पावडर), करवतीचा जाड भुसा नको, आणि घट्टपणा इतका की श्रीखंडासारखं काठीवर उभं राहिलं पाहिजे, ओघळता कामा नये. प्लायच्या तुकड्याचं टोक २० मिमी त्रिज्येत गोल करून त्याने एकाच हातात ओढत न्या. भरणी ओलसर असतानाच वर ७५ मिमी रुंद काचेची टेप बसवून इपॉक्सी पाजा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात आणि मधे घासायचं काम वाचतं. भरणी मोठी केली म्हणजे मजबूत झाली असं नाही, वजन मात्र झालं, तेव्हा हात आवरता ठेवा.

होडी पालथी करा. बाहेरच्या सगळ्या धारा रंध्याने ३-४ मिमी गोल करा, तीक्ष्ण धारेवर काचेचं कापड बसत नाही, खाली हवा राहते. तारांची भोकं भरा, ८० नंबरच्या सँडपेपरने घासा, धूळ व्हॅक्यूमने काढा. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं काचेचं कापड कोरडंच अंथरून हाताने सुरकुत्या काढा, मग मधून बाहेर इपॉक्सी ओतत रबरी पात्याने पसरवा. कापड पारदर्शक झालं की पुरे, चकाकी दिसतेय म्हणजे इपॉक्सी जास्त आहे, ओढून बाहेर काढा. कापडाच्या वजनाएवढंच इपॉक्सी हा अंदाज ठेवा. विण बुजवायला आणखी दोन पातळ हात, प्रत्येक हात आधीचा चिकट असतानाच. २०० ग्रॅमचं एकच कापड तळाला पुरतं, खडकाळ नदीत जाणार असाल तर मधल्या रेषेवर आणि दोन टोकांना वर एक टेप जास्त लावा, अख्ख्या होडीवर दुसरं कापड चढवू नका.

सरळ केल्यावर डेकची तयारी. वरच्या कडेला आतून १८ बाय १८ मिमीची पट्टी चिकटवायची, डेक तिच्यावर बसतो. ही पट्टी धरायला खूप क्लॅम्प लागतात आणि विकत घेतले तर प्लायपेक्षा महाग पडतील, त्यापेक्षा ४ इंची पीव्हीसी पाइपच्या इंचभर रुंद चकत्या कापा, प्रत्येक चकतीला एक चीर द्या, फाकवून बसवली की ती घट्ट धरते, तासाभरात पन्नास-साठ होतात. मग दोन आडव्या भिंती, एक पायांच्या पुढे, एक पाठीच्या मागे, मधे साडेपाच फूट अंतर. या भिंतींच्या पलीकडे दोन बंद कप्पे होतात, दोन्ही मिळून शंभर लिटरच्या वर हवा. प्रत्येक भिंतीला वरच्या बाजूला दीड-दोन मिमीचं एक भोक ठेवा. होडी उन्हात तापली की आतली हवा फुगते आणि तिला वाट नसेल तर हॅच उडते नाहीतर डेकचा सांधा उकलतो. एवढ्या भोकातून येणारं पाणी नगण्य असतं.

डेकखालचे आडवे वासे वाकवायला ४ मिमीच्या तीन पट्ट्या साच्यावर एकत्र चिकटवा. २८ इंच रुंदीला मधे ४-५ सेंमी उंचवटा पुरतो, पाणी निथळतं आणि डेक ताठ होतो. जास्त उंचवटा केला की वल्हं आपटतं आणि वारा धरतो. लक्षात ठेवा, प्लाय एकाच दिशेला वाकतो, दोन्हीकडून वाकवायला गेलात तर मोडतो, त्यामुळे डेकचा उंचवटा आडवाच ठेवा, नाहीतर मधे कणा देऊन दोन सपाट तुकड्यांचा करा.

डेक बंद करायच्या आधी आतला प्रत्येक इंच बघा, कारण परत तिथे हात पोचणार नाही. कप्प्यांच्या आत इपॉक्सीचे दोन हात, डेकच्या खालच्या बाजूलाही दोन हात, वाशांच्या कोपऱ्यात, पट्टीच्या खालच्या अंगाला, सगळीकडे टॉर्च मारून. प्लाय कुजतो तो नेहमी न दिसणाऱ्या कडेपासून. मग वरच्या कडेला घट्ट इपॉक्सीची अखंड रेघ, डेक ठेवा, मधून सुरू करून टोकांकडे २० मिमीचे बारीक पितळी खिळे, दर १० सेंमीला, आणि गाडीवर सामान बांधायचे पट्टे अख्ख्या होडीला गुंडाळून आवळा. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेला प्लाय रंध्याने सपाट करा आणि सांध्यावरून टेप घ्या.

बसायची जागा ५ फूट बाय २० इंच ठेवा, म्हणजे गुडघे वर घेऊन आत येता येतं आणि उलटल्यावर अडकायला होत नाही. तिच्याभोवती ४-५ सेंमी उंच काठ हवाच. ३ मिमीच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, आधी आकारावर बांधून सुकवून, मग तीन थर चिकटवा. पुढे काठ इंग्रजी व्ही सारखा टोकदार केला तर डेकवर चढलेली लाट दोन्हीकडे फुटते. सीट तळापासून ५ सेंमीपेक्षा उंच नको आणि मध्यापासून साधारण वीतभर मागे, पण लगेच चिकटवू नका, आधी पाण्यात नेऊन मागे-पुढे सरकवून बघा. पायाला टेकू मात्र पक्का द्या, पाय सुटे असले की वल्ह्याचा अर्धा जोर वाया जातो. हॅचसाठी ६ इंची प्लास्टिकची स्क्रूवाली झाकणं घ्या, लाकडी हॅच दिसते छान पण पाणी न गळणारी करणं वेळखाऊ आहे.

इपॉक्सीला उन्हाचं वावडं आहे, नुसतं ठेवलं तर पिवळं पडतं आणि वरून भुकटी सुटते. आठवडाभर पूर्ण वाळू द्या, धुवा, २२० ने घासा आणि यूव्ही फिल्टर असलेलं बाहेरच्या वापराचं पीयू क्लिअर (पारदर्शक पॉलियुरेथेन व्हार्निश) तीन-चार हात द्या. माझ्या मते डेकला क्लिअर, लाकूड दिसू दे, आणि खाली फिकट रंग. गडद रंग अजिबात नको, आपल्या उन्हात गडद पृष्ठभाग एवढा तापतो की साध्या तापमानाला वाळवलेलं इपॉक्सी मऊ पडायला लागतं.

वल्हं दोन पात्यांचं, २४० सेंमी लांब, २८ इंची होडीला याच्यापेक्षा आखूड घेतलं तर प्रत्येक वेळी बोटं काठावर घासतात आणि पाणी मांडीवर गळतं. दांडा पाइनच्या दोन पट्ट्या चिकटवून, पाती ४ मिमी प्लायच्या उरलेल्या तुकड्यांची आणि त्यावर काचेचं कापड, सगळं मिळून किलोभरात बसवा.

पहिल्यांदा पाण्यात न्यायच्या आधी घरीच कप्प्यांमधे बादलीभर पाणी ओतून होडी कलवून कलवून बघा, बाहेर ओल दिसली की पेन्सिलने गोल करा. पाण्यात पहिला दिवस कमरेएवढ्या उथळ पाण्याचा, कोणीतरी काठावर उभं, अंगात लाइफ जॅकेट. मुद्दाम उलटवा. मागून डेकवर पालथं पडून, पाय दोन्हीकडे टाकून सरकत परत आत बसायचं आणि मगाने पाणी उपसायचं, हे जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नका. धरणात जायचं तर जलसंपदा विभागाची आणि स्थानिक परवानगी आधी विचारा, कोयनेच्या शिवसागरासारखे जलाशय अभयारण्याला लागून आहेत तिथे वन खात्याचे नियम लागतात. धरणाच्या भिंतीपासून आणि सांडव्यापासून लांब. पावसाळ्यात नदीत नाहीच, वरून पाणी सोडलं की अर्ध्या तासात नदी वेगळीच होते. कोकणात खाडीत जायचं तर भरती चढताना आत जा आणि ओहोटीबरोबर परत या, वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते ते धरून. खाडीच्या तोंडाशी मात्र सकाळी सावध राहा, तेव्हा मतलई वारा समुद्राकडे ढकलतो आणि एकट्या माणसाला हलक्या होडीतून त्याच्याविरुद्ध परत येणं जड जातं.

खारं पाणी लागलं तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, हॅच उघड्या ठेवूनच होडी ठेवा म्हणजे आत दमट राहत नाही, सावलीत, पालथी, दोन रुंद पट्ट्यांवर टांगून. ओरखडा लाकडापर्यंत गेलेला दिसला तर दोन दिवस नीट सुकू द्या, घासा आणि इपॉक्सीचा ठिपका द्या, पुढच्या फेरीच्या आधीच.